जुन्या पिझ्झा पार्लरमध्ये व्हीगन माणसाने काय मागावं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला राहता, वर्षभरापासून व्हीगन आहात, म्हणजे मांस, अंडी, दूध असं प्राण्यांपासून आलेलं काहीच खात नाही, आणि शनिवारी मुलाची सॉकरची मॅच संपली की सगळं लटांबर गावातल्या जुन्या इटालियन पिझ्झा पार्लरमध्ये जातं. मेनूत ‘व्हीगन’ हा शब्द कुठेच नाही. विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘व्हीगन काही नाही, सॅलड घ्या.’ तुम्हाला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. चीज काढून मागवलेला पिझ्झा खरंच व्हीगन असतो का? तो कोरडाठाक लागू नये म्हणून काय करायचं? आणि घरचं व्हीगन चीज सोबत नेलं तर चालेल का?

मी सेंट्रल जर्सीतल्या अशाच एका पार्लरच्या किचनमध्ये बरीच वर्षं काम केलं आहे, पीठ मळण्यापासून ओव्हन सांभाळण्यापर्यंत. स्वतः व्हीगन आहे, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. आणि माझं ठाम मत असं आहे की व्हीगन माणसाची सोय चेनच्या दुकानापेक्षा जुन्या पार्लरमध्ये जास्त चांगली होते. चेनमध्ये पीठ आणि सॉस बाहेरून तयार येतात. घटकांची यादी वेबसाइटवर मिळते हे खरं, पण दुकानातल्या कुणालाच त्यात काही बदलता येत नाही. जुन्या पार्लरमध्ये ज्याने सकाळी पीठ मळलं आणि सॉस कालवला, तोच माणूस तुमच्यासमोर उभा असतो. त्याला सगळं माहीत असतं आणि त्याच्या हातात बरंच काही असतं. फक्त त्याला कळेल असं विचारावं लागतं.

‘तुमच्याकडे व्हीगन आहे का?’ हा प्रश्न मुळात अडचणीचा. त्या मुलाला वाटतं, तुम्ही त्याच्याकडून हमी मागताय. मेनूत तसा पदार्थ नाही, मालकाने तसं काही सांगितलेलं नाही, उद्या काही झालं तर बोलणी आपल्याला बसतील, म्हणून तो ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. तो उर्मटपणा नसतो. त्याऐवजी पदार्थात काय काय पडतं ते विचारा. ‘पिठात दूध किंवा बटर असतं का?’ ‘सॉसमध्ये चीज घालता का?’ याची उत्तरं त्याला हो किंवा नाही अशी देता येतात, आणि माहीत नसेल तर तो आत जाऊन विचारून येतो.

आता मुख्य मुद्दा. मोझरेला डोळ्यांना दिसतं, त्यामुळे ते काढायला सांगणं सोपं. गोची होते ती न दिसणाऱ्या दुधाची, आणि ते पीठ, सॉस आणि वरून भुरभुरलेलं किसलेलं चीज या तीन ठिकाणी असू शकतं.

पिठाची बाजू बहुतेक वेळा बरी निघते. न्यूयॉर्क-जर्सी पद्धतीच्या पातळ, गोल पिझ्झ्याचं पीठ म्हणजे जास्त ग्लूटेनचा मैदा, पाणी, मीठ, यीस्ट, थोडं तेल आणि थोडी साखर. 50 पौंडांची, म्हणजे साधारण 23 किलोची पोती येतात, पीठ मळून गोळे करून ट्रेमध्ये फ्रिजला लावले जातात. एवढंच. पण सगळीकडे एवढंच असेल असं धरून चालू नका. काही दुकानं कडेला रंग यावा आणि कड मऊ राहावी म्हणून दुधाची पावडर किंवा व्हे, म्हणजे चीज करताना उरणारं दुधाचं पाणी, घालतात, आणि हे जाड, पॅनमध्ये भाजलेल्या पिझ्झ्यात जास्त आढळतं. गोल आणि चौकोनी पिझ्झ्याचं पीठ वेगळं असू शकतं, तेव्हा दोन्हींचं वेगवेगळं विचारा. कधी शिकागोला गेलात तर डीप-डिशच्या, म्हणजे खोलगट, जाड पिझ्झ्याच्या कवचात बटर असू शकतं हे लक्षात ठेवा. आणि एक गैरसमज मी वारंवार बघतो: ग्लूटेन-फ्री किंवा फ्लॉवरचा बेस म्हणजे आपोआप व्हीगन. फ्लॉवरचा बेस बांधून राहावा म्हणून त्यात बऱ्याचदा अंडं आणि चीज असतं, आणि ग्लूटेन-फ्री बेसमध्येही अंडं किंवा दूध निघू शकतं. साधा मैद्याचा बेसच तुमच्यासाठी जास्त खात्रीचा.

दुकान पिठाचे गोळे बाहेरून मागवत असेल तर एक सोपी युक्ती आहे: खोक्यावरचं लेबल बघायला मागा. अमेरिकेत 2004 च्या अॅलर्जन कायद्यानुसार, 2006 पासून, पॅकबंद पदार्थावर दूध, अंडं यांसारखे घटक स्पष्ट लिहावे लागतात. दुकानात बनवून ताटात येणाऱ्या पदार्थाला ते लेबल नसतं, पण खोक्याला असतं. मी काम करत होतो तिथे कुणी नम्रपणे मागितलं तर आम्ही खोक्याचा तो तुकडा फाडून हातात द्यायचो. काही तयार पिठांत एल-सिस्टीन नावाचा घटक असतो. तो पिसांपासून काढलेला असू शकतो किंवा किण्वनाने बनवलेला, आणि लेबलवरून ते कळत नाही. अमेरिकेतली काही उसाची साखरही हाडांच्या कोळशातून गाळलेली असते. इथपर्यंत जायचं की नाही ही प्रत्येकाची आपली रेषा. मी पार्लरमध्ये साखरेपर्यंत जात नाही. घरात मात्र बघून आणतो.

खरी मेख सॉसमध्ये असते. पिझ्झ्याचा सॉस बहुधा शिजवलेला नसतो. मोठ्या डब्यातला, साधारण 3 किलोचा, कुस्करलेला टोमॅटो बादलीत ओतायचा, मीठ, ओरेगानो, कधी लसूण, कधी साखर, थोडं तेल. इथपर्यंत छान. पण जर्सीतल्या कितीतरी जुन्या घराण्यांच्या कृतीत यानंतर मूठ-दोन मुठी किसलेलं रोमानो चीज त्याच बादलीत पडतं. त्याने सॉसला खारट, खमंग चव येते आणि थोडा दाटपणाही. आजोबांनी घातलं म्हणून नातू घालतो, आणि ते ‘चीज’ म्हणून त्याच्या मोजणीतही नसतं, मसाल्यासारखं असतं. त्यामुळे ‘चीज नको’ असं सांगूनही तुमच्या पिझ्झ्यात रोमानो येऊ शकतं, आणि देणाऱ्याला आपण काही चुकीचं दिलं असं वाटतही नाही. काही ठिकाणी सॉसमध्ये अँचोवी, म्हणजे खारवलेले बारीक मासे, विरघळवलेले असतात. म्हणून सॉसबद्दल विचारताना ‘रोमानो किंवा पार्मेजान आहे का, अँचोवी आहे का’ असं नाव घेऊनच विचारा.

आणि बादलीत रोमानो निघालं तर? तर थेट डब्यातला टोमॅटो मागा. प्रत्येक पार्लरमध्ये तो असतोच, कारण त्याशिवाय सॉसच होत नाही. ‘सॉसऐवजी डब्यातला कुस्करलेला टोमॅटो पसरा, वरून मीठ, ओरेगानो आणि ऑलिव्ह ऑइल’ असं सांगितलं की काम झालं. सॉसपेक्षा हा पिझ्झा मला स्वतःला जास्त आवडतो. चांगल्या टोमॅटोची चव त्यात जास्त मोकळी लागते.

तिसरी जागा सवयीची आहे, आणि ती नीट कळावी म्हणून पिझ्झा लावणाऱ्याचे हात डोळ्यांसमोर आणा. गोळा संगमरवरी किंवा स्टीलच्या टेबलावर दाबून पसरला. डावाच्या पाठीने सॉस मधून बाहेर गोल गोल फिरवला. डाव जागेवर गेला की तोच हात न बघता शेजारच्या डब्यात जातो आणि चिमूटभर रोमानो सॉसवर उडवतो, मग मोझरेला. दिवसाला शेकडो वेळा हेच. ऑर्डरच्या चिठ्ठीवर ‘नो चीज’ लिहिलेलं असतं तेव्हा तो मोझरेला वगळतो, पण रोमानोची चिमूट पडून जाते, कारण तिथे डोकं चालत नसतं, मनगट चालत असतं. काही दुकानांत भट्टीतून काढल्यावर वरून परत एकदा भुरभुरतात. काही ठिकाणी कडेला गार्लिक बटरचा ब्रश फिरतो. त्यामुळे ऑर्डर देताना मी नेहमी तिन्ही सांगतो: ‘नो मोझरेला, नो रोमानो, नो बटर ऑन द क्रस्ट.’ आणि ते चिठ्ठीवर लिहून घ्यायला सांगतो. ओव्हनवाल्याला बोललेलं ऐकू येत नाही, त्याला चिठ्ठीच दिसते. किचनमधली माणसं बऱ्याच ठिकाणी मेक्सिकोतली असतात. ओळख झाली की ‘सिन केसो’, म्हणजे चीजशिवाय, एवढं त्यांच्या भाषेत म्हटलं तरी लक्ष ठेवून करतात.

जाता जाता एक गोष्ट, जी तुमच्याकडे भारतातून येणाऱ्या शाकाहारी पाहुण्यांच्या कामाची. अस्सल पेकोरिनो रोमानो हे मेंढीच्या दुधाचं चीज असतं आणि ते कोकराच्या पोटातून काढलेल्या रेनेट या दूध घट्ट करणाऱ्या घटकाने विरजतात. इटलीतल्या पार्मिजानो रेज्जानोलाही, म्हणजे अस्सल पार्मेजानलाही, वासराचं रेनेट लागतं. दूध चालणाऱ्या, पण मांस न खाणाऱ्या आई-वडिलांना हे आधी सांगितलेलं बरं. रोमानो नसलेला पिझ्झा तुम्ही तुमच्यासाठी मागवायला शिकलात की त्यांचीही सोय होते.

टॉपिंगमध्ये कांदा, ढोबळी मिरची, मशरूम, ऑलिव्ह, ताजा टोमॅटो, भाजलेल्या लाल मिरच्या, आर्टिचोक, लसूण आणि पालक हे सहसा निर्धोक. वांग्याचं मात्र लक्ष ठेवा. पार्लरमधलं वांगं बहुतेक वेळा अंड्यात बुडवून ब्रेडक्रम्ब लावून तळलेलं असतं, आणि त्या क्रम्बमध्येही चीज असतं. पेस्टोत चीज असतंच. व्होडका सॉसमध्ये क्रीम. परतलेली ब्रोकोली किंवा कांदा तेलात परतलाय की बटरमध्ये, हे एकदा विचारून घ्यायचं.

आता ऑर्डर देतानाचे शब्द, कारण इथे लोक हमखास फसतात. जर्सीत आणि न्यूयॉर्कमध्ये ‘प्लेन’ म्हटलं की मोझरेला आणि सॉसचा साधा चीज पिझ्झा येतो. तुम्ही साध्या मनाने ‘प्लेन’ मागाल आणि समोर चीजचा थर येईल. ‘पाय’ (pie) म्हणजे इथे अख्खा पिझ्झा. ‘व्हाइट पाय’ म्हणजे टोमॅटो नसलेला पिझ्झा, पण त्यात रिकोटा हे मऊ चीज आणि मोझरेला भरपूर असतं. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला गेलात तर तिथे ‘प्लेन’चा अर्थ उलटा. 1925 पासून चालू असलेल्या फ्रँक पेपे या पिझ्झेरियाच्या परंपरेत मोझरेला हे टॉपिंग समजतात, ते वेगळं मागावं लागतं. पण त्या ‘प्लेन’वर किसलेलं पेकोरिनो असतं, म्हणून तिथेही ‘नो ग्रेटेड चीज’ सांगायचंच.

‘टोमॅटो पाय’ या नावाने तर गावागणिक वेगळा पदार्थ मिळतो. तुमच्यापासून जवळ असलेल्या ट्रेंटनमध्ये टोमॅटो पाय म्हणजे आधी चीज आणि त्यावर टोमॅटो, म्हणजे वरून लालभडक दिसतो आणि आत चीज असतं. व्हीगन माणसासाठी हा सगळ्यात मोठा चकवा. फिलाडेल्फियात त्याच नावाखाली जाड, पावासारखा चौकोनी तुकडा मिळतो, वर दाट सॉस, आणि तो इटालियन बेकऱ्यांत भट्टीतून काढून थंड झाल्यावर विकतात. त्यात मोझरेला नसतं. कुठे वरून थोडं रोमानो भुरभुरतात, कुठे तेवढंही नसतं, आणि सॉसमध्ये काय आहे ते आपल्या नेहमीच्या पद्धतीने विचारायचं. ऱ्होड आयलंडला बेकऱ्यांमध्ये ‘पिझ्झा स्ट्रिप्स’ मिळतात, त्याही चीजशिवायच्या आणि थंड. न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाचा टोमॅटो पाय असाच जाड, पण त्यावर किसलेलं रोमानो असतं. माझा अनुभव असा की जुन्या इटालियन वस्तीतली बेकरी पार्लरइतकीच धुंडाळण्यासारखी जागा आहे. मुलाच्या वाढदिवसाला अशी एखादी शीट, म्हणजे अख्खा ट्रेभर टोमॅटो पाय, आणली तर सगळ्यांना पुरते, आणि चीजवाल्यांसाठी वेगळं काही आणता येतं.

यावरून एक लक्षात आलं असेल: चीज नसलेला पिझ्झा ही आपण मागितलेली काही विचित्र सवलत नव्हे, तो इटालियन परंपरेतलाच आहे. नेपल्सच्या सर्वांत जुन्या पिझ्झ्यांपैकी एक म्हणजे मारिनारा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, ऑलिव्ह ऑइल. 2010 मध्ये युरोपीय संघाने ‘पिझ्झा नापोलेताना’ला संरक्षण दिलं तेव्हा त्यात मारिनाराला मार्गेरिटाच्या बरोबरीने जागा मिळाली. नेपल्समधलं 1870 चं दा मिकेले हे दुकान तर पिढ्यान्‌पिढ्या याच दोन पिझ्झ्यांवर चाललं. त्यामुळे मालक इटालियन घराण्यातला असेल तर ‘व्हीगन’ न म्हणता ‘नेपल्सच्या मारिनारासारखा कराल का’ असं विचारून बघा. मी हे करतो तेव्हा कपाळावरची आठी जाते आणि माणूस स्वतःहून लसूण किती हवा ते विचारायला लागतो. फक्त एवढं स्पष्ट करा की मारिनारा म्हणजे पास्त्यावरचा सॉस म्हणायचं नाही, पिझ्झा म्हणायचाय, आणि अँचोवी नको. काही दुकानं या नावाखाली मासे घालतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कोरडेपणाचा. तुम्ही म्हणता की एकदा चीजशिवाय मागवला तेव्हा सॉस चिवट झाला आणि कड करपली. यात भट्टीचा हात आहे. नेपल्सची लाकडाची भट्टी साधारण 485 अंश सेल्सिअसवर असते आणि पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत बाहेर येतो. सॉसमधलं पाणी उडायला वेळच मिळत नाही. जर्सीच्या पार्लरमधला डेक ओव्हन, ज्याच्या सपाट तळावर, म्हणजे डेकवर, पिझ्झा थेट ठेवतात, तो साधारण 260 ते 315 अंशांवर चालतो आणि पिझ्झ्याला सात-आठ मिनिटं तरी लागतात. नेहमीच्या पिझ्झ्यात त्या वेळात मोझरेला वितळून सॉसवर झाकण घालतं, ओल आत राहते, वर चरबीचा ओलसरपणा येतो, आणि त्याच्या वजनाने पीठ दबून राहतं. चीज काढलं की हे सगळं जातं. सॉस उघडा पडून आटतो आणि मध्ये पिठाला फुगे येऊन ते काळे पडतात.

यावर उपाय ओव्हनवाल्याकडेच आहेत, आपण सुचवायचे. सॉस नेहमीपेक्षा दीडपट मागा. भाज्या पाणी धरणाऱ्या घ्या: मशरूम, पातळ चिरलेला कांदा, ताजा टोमॅटो, पालक. त्या सॉसवर सर्वदूर पसरलेल्या असल्या की चीजचं झाकणाचं काम थोडंफार करतात. भट्टीत जाण्याआधी वरून ऑलिव्ह ऑइलची बारीक धार आणि बाहेर आल्यावर आणखी थोडी. कच्चा लसूण वर टाकला तर सात मिनिटांत करपून कडू होतो, म्हणून तो तेलात बुडवून किंवा सॉसच्या खाली घालायला सांगा. बेसिल भट्टीतून काढल्यावर. आणि ‘वेल डन’, म्हणजे जास्त भाजलेला, कधीच मागू नका. चीज नसलेला पिझ्झा तसाही लवकर होतो, म्हणून ‘एक-दोन मिनिटं आधी बघा’ असं सांगायचं. याला खारटपणा कमी पडतो असं ज्यांना वाटतं त्यांनी ऑलिव्ह किंवा केपर्स, म्हणजे खारवलेल्या बारीक कळ्या, घ्याव्यात. रोमानोने जी चव येते तिची बरीचशी भरपाई त्यांनी होते.

एक व्यवहाराची गोष्ट. स्लाइस काउंटरमागे आधीच भाजून ठेवलेल्या असतात, त्यात तुमच्यासाठी काही होऊ शकत नाही. पूर्ण पिझ्झाच मागवावा लागतो, लहान आकार असेल तर लहान. आणि चीज काढलं म्हणून पैसे कमी होतील अशी अपेक्षा ठेवू नका. चीज हा पिझ्झ्यातला महागडा घटक असला तरी वेगळी चिठ्ठी, वेगळं लक्ष यात त्यांचा वेळ जातो. त्यावरून घासाघीस केली तर पुढच्या वेळी तोंड वाकडं होतं. मी पूर्ण पैसे देतो आणि टिप नीट ठेवतो.

मालक कोण आहे यावरही बरंच अवलंबून असतं, आणि ही गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही. ‘इटालियन’ पाटीच्या कितीतरी दुकानांचे मालक किंवा ओव्हनवाले आता ग्रीक, अल्बेनियन, इजिप्शियन आहेत. ग्रीक ऑर्थोडॉक्स मंडळींच्या उपवासात मांस, दूध, अंडी सगळं बंद असतं. अशा पदार्थाला ते ‘नीस्तीसिमो’ म्हणतात. इजिप्तचे कॉप्टिक ख्रिश्चन वर्षातले कितीतरी दिवस असाच उपवास करतात आणि त्या जेवणाला ‘सियामी’ म्हणतात. जर्सी सिटीत त्यांची मोठी वस्ती आहे. अशा माणसाला ‘तुमच्या उपवासाला चालेल असा करा’ म्हटलं की एका वाक्यात सगळं कळतं, कारण त्याच्या आईने त्याला तसंच वाढलेलं असतं. आपल्याकडे ‘उपासाला चालेल का’ विचारल्यावर कसं कुणाला समजावून सांगावं लागत नाही, अगदी तसं. दोन गोष्टी मात्र वेगळ्या सांगा: ग्रीकांच्या उपवासाला कोळंबी, स्क्विड चालतं आणि कॉप्टिकांच्या काही उपवासांना मासे. मधही चालतो. आपल्याला ते नको.

व्हीगन चीज सोबत नेण्याबद्दल. काही मालक हसत हसत घालून देतात, पण बरेच नकार देतात आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नसतं. बाहेरचा पदार्थ आपल्या किचनमध्ये घेतला आणि त्यातल्या काजू किंवा सोयाने दुसऱ्या गिऱ्हाइकाला त्रास झाला तर जबाबदारी दुकानाची. म्हणून न विचारता पिशवी काउंटरवर ठेवू नका, आधी फोन करा. तुम्ही दर शनिवारी जाणार असाल तर त्याहून चांगला मार्ग आहे: त्यांनाच एक पाकीट आणून ठेवायला सांगा. लहान दुकानाची खरी भीती ही असते की पाकीट एकदा फोडलं की दोन पिझ्झ्यांनंतर बुरशी येऊन फेकावं लागेल. त्यावर उत्तर म्हणजे एका पिझ्झ्यापुरती पुडी करून फ्रीझरमध्ये ठेवणं. किसलेलं व्हीगन चीज गोठवलेलं चालतं.

ते भाजण्याची रीतही वेगळी आहे. गाईच्या दुधाच्या चीजमध्ये केसिन हे प्रथिन असतं, त्याने ते ताणलं जातं आणि एकसंध वितळतं. व्हीगन चीज बहुधा खोबरेल तेल आणि स्टार्चचं असतं. कोरड्या, कडक उष्णतेत त्यातली ओल उडते आणि किसाचे तुकडे तसेच ताठ राहतात. ते थोडंच घाला, सॉसच्या खाली घाला किंवा वर घातलं तर त्यावर तेलाचे थेंब सोडा. घरी करून बघाल तेव्हा खालच्या थराचा फरक लगेच दिसेल. आणि दुकानदाराने आपणहून ‘आमच्याकडे सोया चीज आहे’ सांगितलं तर पाकिटावर केसिन लिहिलंय का ते बघा. दुधाऐवजी सोया वापरलेल्या काही चीजमध्ये ते घातलेलं असतं, आणि केसिन दुधातूनच येतं.

आता एक गंभीर मुद्दा. तुम्ही लिहिलंय की तुमचं व्हीगन होणं प्राण्यांसाठी आहे. तर मग सामायिक फळी, सामायिक कटर, डेकवर आधीच्या पिझ्झ्याचं करपलेलं चीज यांचं काय करायचं ते तुम्ही तुमच्या मनाशी ठरवा. मी स्वच्छ कटर वापरायला सांगतो, ते हातासरशी करतात. ओव्हनबद्दल हट्ट धरत नाही. पण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला किंवा कुणाच्या मुलाला दुधाची अॅलर्जी असेल, तर वरचं सगळं विसरा. ज्या टेबलावर दिवसभर मोझरेला उडतं, जिथे रोमानोची पूड डावालाही चिकटलेली असते, तिथे ‘नो चीज’ म्हणजे दूधविरहित नव्हे. आणि उलट बाजूने, व्हीगन माणसाने खोटीच अॅलर्जीही कधी सांगू नये. अॅलर्जी नसताना अॅलर्जी सांगितली की किचन सगळी भांडी धुऊन, हातमोजे बदलून काम करतं, आणि तेच लोक पुढच्या खऱ्या अॅलर्जीवाल्याचं म्हणणं हलक्यात घ्यायला लागतात.

शनिवारसाठी तुम्ही असं करा. मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी दोन ते चारच्या मध्ये, जेव्हा दुकान रिकामं असतं, तेव्हा प्रत्यक्ष जा किंवा फोन करा. शुक्रवारची संध्याकाळ टाळाच, आणि ईस्टरच्या आधीच्या लेंटच्या दिवसांत तर नक्कीच. कॅथलिक लोक त्या शुक्रवारी मांस खात नाहीत, त्यामुळे पिझ्झेरियात पाय ठेवायला जागा नसते. मालकाशी बोला, पीठ आणि सॉसचं विचारा, कसा हवा ते सांगा, आणि जमल्यास त्याच वेळी एक लहान पिझ्झा करून घेऊन खाऊन बघा. पटला तर त्या पिझ्झ्याला एक नाव द्यायला सांगा. माझ्या ओळखीच्या पार्लरमध्ये अशा पिझ्झ्याला आता त्या गिऱ्हाइकाच्या नावाने हाक मारतात, चिठ्ठीवर तेवढंच लिहिलं की आत कळतं. मग शनिवारी पंधरा मुलांच्या गोंधळात तुम्हाला काही समजावत बसावं लागणार नाही. मॅच संपताना फोन केला की बाकीच्यांच्या पिझ्झ्यांबरोबर तुमचाही तयार असेल.

आणि पिठातच दूध निघालं तर तिथे पिझ्झ्याचा नाद सोडा, पण सॅलडवर भागवायची गरज नाही. स्पगेटी आल्यो ए ओल्यो मागा: लसूण, ऑलिव्ह ऑइल, लाल मिरची, चीज आणि बटर न घालता. पार्लरमधला सुका पास्ता बहुधा नुसत्या गव्हाचा असतो, ताजा असेल तर अंड्याचं विचारा. त्यात ब्रोकोली राब ही किंचित कडू पालेभाजी घालून मिळत असेल तर जरूर घ्या. एस्करोल या पालेभाजीचं आणि बीन्सचं सूप मेनूत दिसेल, पण ते बऱ्याचदा चिकनच्या पाण्यात शिजवलेलं असतं, तेव्हा तिथे पहिला प्रश्न पाण्याचा विचारायचा.